बाबांनी दाखवलेला डोंगर

बो बासें
मॉरिशस, ५ डिसेंबर १९६४

प्रिय आत्या,

इंद्राणीचा नमस्कार. हे पत्र वाचून तू हसशील, नाहीतर कपाळाला हात लावशील. तुझ्या भावाने तंबू विकत आणला आहे.

पोर्ट लुईला लष्कराचं जुनं सामान विकायला होतं, तिथून आणला. अंगणात उभा करून पाहिला, तर शेजारच्या विमलाकाकू कुंपणावरून विचारायला लागल्या, घरात कुणाचं लग्न आहे का? बाबा म्हणाले, "लग्न नाही, प्रवास आहे." तामारेंपासून सुरुवात करायची, समुद्राच्या कडेकडेने मोर्न, सुयाक, माहेबुर करत सगळं बेट फिरायचं आणि नाताळच्या सुमाराला गुडलँड्सला तुझ्या दारात येऊन थांबायचं. मुक्काम तंबूत. सोबत मी, आपली म्हातारी मॉरिस गाडी आणि कापोराल.

कापोराल तुला आठवत असेल. साठ सालच्या वादळानंतर आमच्या मोडलेल्या खुराड्याखाली सापडलेलं पिल्लू. आता चांगला दांडगा कुत्रा झालाय. आई गेल्यापासून तो बाबांना क्षणभर सोडत नाही.

खरं सांगू, मला फार आनंद झालाय. आईच्या मागे ही दोन वर्षं बाबा घराबाहेर पडतच नव्हते. जूनमध्ये नोकरी संपली, तेव्हापासून तर नुसते खुर्चीत बसून. जन्मभर सर्व्हे कचेरीत या बेटाचे नकाशे काढले, आणि आता म्हणतात, "कागदावर पुष्कळ पाहिलं. एकदा नीट डोळ्यांनी पाहू दे." मला फेब्रुवारीत पुण्याला जायचंय, मग दोन वर्षं मी इथे नसेन. शिष्यवृत्तीची बातमी आली तेव्हा माझ्यापेक्षा बाबाच जास्त नाचले होते. जाण्याआधी एवढे दिवस त्यांच्यासोबत मिळतायत, हे माझं भाग्यच.

आम्ही दहा तारखेला निघू. तू पत्र सुयाकच्या पोस्टात पाठव. त्यावर 'येऊन घेतील' असं लिहिलं की ते ठेवून घेतात. आणि यंदा माझ्यासाठी आंब्याचं लोणचं केलंयस ना?

तुझी,
इंद्राणी


गुडलँड्स
८ डिसेंबर १९६४

इंद्राणी पोरी,

सुखी ऱ्हा. लोणचं कृष्णदेवाबरोबर बसनं धाडलंय. बरणीचं झाकण सैल हाय, सरळ ठेव.

तुज्या बापाला, चंदरला, माजा निरोप सांग. म्हणावं, घर असून माणूस डिसेंबरात कापडाखाली झोपतो का? या महिन्यात ला प्ली येते, पाऊस येतो, तो काय विचारून येतो का? पण तो ऐकायचा न्हाय. लहानपणी आई म्हणायची, हा पोरगा बैलाच्या आदी जन्मला आन् बैल ह्याच्याकडनं हट्ट शिकला.

तरी मला बरं वाटलं. तू पुण्याला जाणार, तिथं सगळी आपलीच भाषा बोलतात म्हणं, रस्त्यावर सुदिक. इथं माज्याशी मराठी बोलायला आता कोण उरलंय? पोटच्या कृष्णदेवाला मी मराठीत हाक मारते, तो क्रेओल बोलीमदी ओ देतो. मी आबांकडनं बैठकेत, गावच्या संध्याकाळच्या शाळेत, चार अक्षरं शिकले म्हणून तुला लिवते. चुकलं तर मास्तरीण हायेस, सुधारून घे.

एक सांग. दिवाळीला चंदरचं पत्र आलं ते अशा मोठ्या वाकड्या अक्षरात का व्हतं? त्याचं अक्षर मोत्यासारखं. ओळी एकमेकींवर चढल्या व्हत्या. घाईत लिवलं का? हात थरथरतो का? बघ जरा.

गाडी हळू चालवायला सांग.

देवकी आत्ये


मोर्न, फिलाओच्या (सुरूच्या) झाडांखाली
१३ डिसेंबर १९६४

प्रिय आत्या,

तुझी जीभ काळी आहे. तामारेंला पोचलो आणि पाऊस सुरू झाला. तो अजून थांबलेला नाही. कधी नुसती भुरभुर, कधी पखालीच्या पखाली. तंबूला एका कोपऱ्यात भोक आहे, तिथे खाली पातेलं ठेवलंय. पाव ओला, काड्या ओल्या, माझी साडी ओली. कापोराल बाहेर भिजून येतो आणि बरोबर माझ्या पांघरुणावर उभा राहून अंग झाडतो. लोणचं मात्र कोरडं आहे. कालपासून आम्ही भाताबरोबर तेच खातोय आणि प्रत्येक घासाला तुझं नाव निघतं.

आणि तरी आत्या, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. बाबा बोलतात! आईशी लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. तुम्ही भावंडं उसाच्या गाडीमागे धावत जाऊन कांडी ओढायचात तेही सांगितलं. बाहेर पाऊस पडत असतो आणि आम्ही तिघं कंदिलाभोवती बसलेले असतो. काल संध्याकाळी कंदील लावला तर बाबा म्हणाले, "बघ, ज्योतीभोवती इंद्रधनुष्य पडलंय." मला काही दिसलं नाही. पावसाची वाफ असेल.

डोंगराचं तर ऐकच. हा मोर्नचा डोंगर आमच्या डोक्यावर आहे म्हणतात, पण आल्यापासून पायथासुद्धा दिसला नाही, सगळा ढगात. बाबा सकाळी तंबूबाहेर उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "बघ इंद्राणी, कसा उभा आहे. उजवीकडचा कडा बघ, सरळ खाली उतरतो." मी म्हटलं, "बाबा, ढगच ढग आहेत." ते जरा थांबले आणि हसले. म्हणाले, "नकाशा काढणाऱ्याला ढग आडवे येत नाहीत."

वेंधळेपणा मात्र वाढलाय हो. तंबूच्या दोरीला रोज अडखळतात. परवा डाळीचं भांडं लाथेने सांडलं, वर मलाच म्हणाले की डाव्या बाजूला का ठेवलंस. समुद्रावर जाताना कापोरालची दोरी मनगटाला बांधतात. हरवेल म्हणतात. जो कुत्रा स्वयंपाकघराच्या दारापलीकडे एकटा जात नाही, तो हरवणार! कुत्रा पुढे आणि बाबा मागे, असे दोघं झाडांतून चालताना पाहिले की हसू येतं.

आणखी एक गंमत. तामारेंपासून गाडी मीच चालवते आहे. बाबा म्हणाले, "परवाना मिळालाय तर हात बसू दे." आधी मला गाडीला हात लावू देत नसत. आता शेजारी बसून डोळे मिटून घेतात. एवढा विश्वास! मला फार अभिमान वाटला.

अक्षराचं विचारलंस, हात काही थरथरत नाही. चष्मा बदलायला झाला असेल. घरी गेल्यावर बघू.

पाऊस जरा उघडला की बे द्यु कापकडे निघू. सुयाकला तुझं पत्र मिळेल ना?

तुझी चिंब भिजलेली,
इंद्राणी


गुडलँड्स
१६ डिसेंबर १९६४

इंद्राणी,

हे पत्र आदी एकटी वाच. मग बापाला वाचून दाखव.

तुजं पत्र मी हसत वाचायला घेतलं. कंदिलाच्या गोष्टीपाशी आले आन् हातातलं काम टाकून लिवायला बसले. पोरी, ती वाफ न्हवं.

आमचे आबा, तुजे आजोबा, आंधळे झाले एवढं तुला ठाऊक हाय. कसे झाले ते कुणी सांगितलं नसंल. पहिल्यांदा त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. आई दिव्याला हात जोडायची, म्हणायची ह्यांना देव दिसतो. मग कडंचं दिसंना. समोर उभं ऱ्हायलं तर वळखायचे, बाजूनं आलं तर दचकायचे. भांड्यांना पाय लागायचे. शेतावर जाताना बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालायचे, आन् आमी पोरं हसायचो, आबांचा बैलावर किती जीव. जसा तुज्या बापाचा कुत्र्यावर. एक दिवस सगळाच काळोख झाला.

तेव्हा आबांचा हात धरून त्यांना सगळीकडं न्यायचा तो तुजा बाप. माज्यापेक्षा लहान, पण तोच न्यायचा. म्हणून सांगते, त्याला काय व्हतंय ते त्याला पुरतं ठाऊक हाय. तुला गाडी दिली ती हात बसावा म्हणून न्हाय. त्याला रस्ता दिसत न्हाय.

पण तो एक गोष्ट जाणत न्हाय आन् ती मी जाणते. त्रियोलेच्या पुष्पावतीच्या नवऱ्याला हेच झालं. गेल्या साली. पोर्ट लुईच्या डोळ्याच्या डॉक्टरनं कापून बरं केलं. गेलं ते आलं न्हाय, पण उरलं ते ऱ्हायलं. मी सोता बघितलंय, माणूस सायकलवर बसून बाजारात येतो. आबांच्या वेळी असं काय नव्हतं. आता हाय. फकस्त उशीर नको, एवढंच डॉक्टर म्हणला व्हता.

तेव्हा त्याच्यावर ओरडू नको. रडू नको. गाडी त्याला अजिबात देऊ नको. त्याला म्हण, देवकीनं विचारलंय, खरं सांग.

आत्ये


रिव्हिएर दे गाले
१९ डिसेंबर १९६४

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. एक दिवस आधी मिळालं असतं तर, असा विचार मनात येतो. पण जे झालं त्यात देवाने सगळ्यांना सांभाळलं, म्हणून शांतपणे लिहिते आहे.

सतराला सकाळी आम्ही मोर्नहून निघालो. पाऊस होताच. भिजून भिजून मला ताप भरला होता. बे द्यु कापच्या वळणापर्यंत मी कशीबशी गाडी आणली. बाबांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "सर तिकडे. आता मी घेतो." मला काही शंका असती तर मी सरले नसते. मी डाव्या बाजूला बसले आणि मला झोप लागली.

कापोरालच्या भुंकण्याने जाग आली. मागच्या सीटवर उभा राहून तो माझ्या खांद्यावरून पुढे भुंकत होता. डोळे उघडले तर रस्त्याच्या डाव्या कडेला एक बाई, डोक्यावर गोणपाट आणि गवताचा भारा, अगदी समोर. बाबा सरळ तिच्या अंगावर चालले होते. मी ओरडले आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. गाडी रस्ता ओलांडून उसाच्या कडेच्या चरात उतरली आणि तिरकी होऊन थांबली.

बाईला धक्का लागला नाही. दचकून पडली, गुडघा खरचटला, भारा विस्कटला. मी धावत गेले. बाबाही उतरले. आत्या, ती बाई त्यांच्यापासून चार हातांवर बसली होती आणि बाबा पावसात उभे राहून विचारत होते, "कोण होतं? कुठे आहे? लागलं का?" मान इकडे तिकडे फिरवत होते. तेव्हा मला कळलं. तुझं पत्र यायच्या आधीच कळलं, फक्त ते कशामुळे ते माहीत नव्हतं.

त्या बाईचं नाव बसंती. आम्ही तिला उठवायचं, तर तिनेच मला धरलं. हाताला ताप लागला असेल. म्हणाली, "आव, घर में आव." तिचं घर उसाच्या पलीकडेच आहे, पत्र्याचं. बाबा ओसरीवर जाताच तिच्या पायांशी वाकले. ती मागे सरकली आणि म्हणाली, "बाबूजी, तुमचे हात गार पडलेत. आधी चहा घ्या, मग बोलू." तिने मला तिच्या कोरड्या कपड्यांत गुंडाळलं, कापोरालला गोणपाटाने पुसलं. तिचा नवरा प्रेमचंद संध्याकाळी मळ्यातून आला, त्याने चार माणसं आणि बैलजोडी आणून गाडी बाहेर काढली. दिवा फुटलाय आणि पुढचं चाक वाकलंय. त्यांनी एका शब्दाने आम्हाला दोष दिला नाही.

काल ताप उतरला तशी मी बसने सुयाकला जाऊन तुझं पत्र आणलं. बाबा ओसरीवर बसले होते, पावसाकडे तोंड करून. मी शेजारी बसले.

म्हटलं, "देवकी आत्याने विचारलंय, खरं सांग."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "समोरचं दिसतं. नळीतून पाहावं तसं. डाव्या डोळ्याने फारसं काही नाही."

"केव्हापासून?"

"तुझी आई होती तेव्हापासूनच थोडं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी रेघा सुटायला लागल्या. कचेरीतला यशपाल माझी कामं गुपचूप पुरी करायचा. भला माणूस."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर पुण्याला गेली असतीस?"

मी हातातलं तुझं पत्र उलगडलं. ते पुढे म्हणाले, "आबांचं झालं तेच माझं होणार, हे मी धरून चाललो होतो. म्हटलं, आहे तोवर बेट एकदा पाहून घ्यावं. तुझा चेहरा रोज पाहून घ्यावा. तू गेलीस की मग काय व्हायचं ते होवो. पण मी गाडी चालवायला बसायला नको होतं. त्या बाईला काही झालं असतं, तर मला डोळे असून काय आणि नसून काय."

मी तुझं पत्र वाचायला घेतलं. आबांचं वाचताना ते मान हलवत होते. पुष्पावतीच्या नवऱ्याचं आलं तेव्हा मान थांबली. म्हणाले, "ती ओळ परत वाच."

मी वाचली. उरलं ते ऱ्हायलं.

"आणखी एकदा."

मी तिसऱ्यांदा वाचली. बाबांनी कापोरालच्या मानेत तोंड घातलं. बसंती आतून आली, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

आत्या, आम्हाला इथून न्यायला कुणी येईल का? आणि बाबा विचारतात, तो डॉक्टर लवकर भेटेल का?

इंद्राणी


गुडलँड्स
२१ डिसेंबर १९६४

इंद्राणी पोरी,

कृष्णदेवानं मित्राची गाडी मागितली हाय. उद्या पहाटे मी आन् तो निघतो. पत्र आदी पोचंल का मी, ते ठाऊक न्हाय, पण हात थांबंना म्हणून लिवते. सुयाकच्या पुढं मी जन्मात गेले न्हाय. कृष्णदेव म्हणतो, आई, तू कशाला एवढ्या लांब पावसात? मी म्हटलं, आबांना न्यायला कुणी आलं न्हवतं. माज्या भावाला न्यायला मी जाणार.

पुष्पावतीच्या घरी जाऊन डॉक्टरचं नाव लिवून आणलं. तिचा नवरा सोता बरोबर येतो म्हणतो.

बसंतीसाठी एक लुगडं घेतलंय. लुगड्यानं काय फिटणार न्हाय, पण रित्या हातानं तिच्या दारात कसं जाऊ.

आत्ये


बो बासें
२३ जानेवारी १९६५

प्रिय आत्या,

बाबांची पट्टी काल सुटली. तू परत गेलीस त्यानंतरचं सगळं सांगते.

डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याची आशा धरू नका. उजव्याचं ऑपरेशन चांगलं झालंय. त्या डोळ्याने आज जेवढं दिसतं तेवढं टिकेल, रोज थेंब घालायचे आणि दर काही महिन्यांनी दाखवायचं. आणखी सहा महिने गेले असते तर हाही गेला असता, असं ते बाबांसमोरच बोलले. बाबा म्हणाले, "डॉक्टर, मला पावसाने आणलं." डॉक्टरांना काही कळलं नाही. पण खरंच आहे. स्वच्छ ऊन असतं तर मी त्यांना डोंगर पाहताना पाहिलं असतं आणि मला काही वेगळं वाटलंच नसतं. मला ताप आला नसता. आणि मी पावसाच्या गमती तुला लिहिल्या नसत्या तर तुला कळलं नसतं. मी सगळं डोळ्यांनी पाहत होते, हसत होते, आणि ओळखलंस तू, बेटाच्या दुसऱ्या टोकाला बसून. आत्या, हे ऋण मी कशाने फेडू?

आता जे लिहिते त्यावर रागवू नकोस. मी पुण्याला जाणार नाही. नकाराचं पत्र लिहून ठेवलंय, अजून टाकलं नाही. बाबांना सांगितलं नाही. रोज तीनदा थेंब घालायचे असतात, स्वयंपाक, डॉक्टर, बस. त्यांना एकटं टाकून मी दोन वर्षं कशी जाऊ? शिकवायचं तर इथेही शिकवता येतं.

तुझी,
इंद्राणी


गुडलँड्स
२६ जानेवारी १९६५

इंद्राणी,

ऋण फेडायचं विचारलंस. सांगते कसं. ते नकाराचं पत्र चुलीत घाल.

तुजा बाप एवढं लपवत व्हता ते कशासाठी? तू जावीस म्हणून. आता तू ऱ्हायलीस तर रोज सकाळी त्या एका डोळ्यानं तो काय बघणार? आपल्यापायी थांबलेली पोरगी. त्यापेक्षा आंधळेपण बरं, असं वाटंल त्याला.

चंदर हिकडं येईल. कुत्रा पण येईल. थेंब घालायला माजे हात हायेत. आन् मी तुज्यावर उपकार करते असं समजू नको. कृष्णदेव सकाळी जातो, रात्री येतो. सून तिच्या कामात. मी भिंतीशी मराठी बोलते. मला माजा भाऊ पायजे.

बैठकेला मास्तर न्हाय. पोरांना ग म भ न शिकवायला कोण मिळंना. चंदरनं जन्मभर रेघा मारल्या, आता फळ्यावर मोठी मोठी अक्षरं काढील. मोठीच काढायला लागतात पोरांना.

तू जा. शीक. परत ये. आमी दोगं हाय.

आत्ये


गुडलँड्स
१८ डिसेंबर १९६५

चि. इंद्राणीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः, रुंद टाकाने, मोठ्या अक्षरांत लिहीत आहे. कागद जास्त लागतो, त्याला इलाज नाही. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

तुझं पुण्याहून आलेलं परीक्षेचं पत्र मिळालं. देवकीने ते अर्ध्या गावाला वाचून दाखवलं, ज्यांना मराठी येत नाही त्यांनासुद्धा. माझा डोळा आहे तिथेच आहे. डॉक्टर खूश आहेत. बैठकेत सोळा मुलं येतात, त्यांतली चार फक्त कापोरालसाठी येतात, पण येता येता अक्षरं शिकतात. गेल्या महिन्यात कृष्णदेवाने मला बसंतीकडे नेलं. मी परसातली बाग दाखव म्हटलं तर तिने आधी मला तिचा गुडघा दाखवला, वणसुद्धा नाही म्हणून. प्रेमचंदाने दोन पपया दिल्या. आम्ही द्यायला गेलो होतो, घेऊन परतलो.

आता मुख्य बातमी. गेल्या शनिवारी मी देवकीला घेऊन समुद्रावर मुक्कामाला गेलो. ग्रां गोबला. गुडलँड्सहून ते किती लांब? हाकेच्या अंतरावर. तिथे ती दर वर्षी गणपती पोचवायला जाते आणि उभ्याउभ्या परतते. मी सहज विचारलं, "ताई, तू कधी समुद्राकाठी राहिलीस का?" ती म्हणाली, "मला कोण नेणार?" लग्न होऊन या गावात आली, ऊस, गुरं, पोरं, सासू, नवऱ्याचं आजारपण. त्यात कुणी तिला विचारलंच नाही, चलतेस का म्हणून. मीही नाही. साठी उलटली तिची.

कृष्णदेवाने आम्हाला सोडलं, तंबू ठोकून दिला आणि आकाशाकडे बघत गेला. दुपारी पाऊस आलाच. मला वाटलं आता ही चिडणार, घरी चला म्हणणार. ती तंबूच्या तोंडाशी बसली, पाय बाहेर काढले आणि पावसात भिजू दिले. कापोराल तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. पाणी समुद्रावर पडत होतं, किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मी आत स्टोव्हवर चहा केला. तिच्या हातात कप दिला, तर तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "चंदर, आज मला कुणी चहा करून दिला."

मी तिच्या डाव्या बाजूला सरकून बसलो, म्हणजे उजव्या डोळ्याला ती नीट दिसावी. तुला खरं सांगतो, इंद्राणी, डॉक्टरने हा डोळा मला ठेवला, तो कशासाठी ते मला त्या वेळी कळलं. पांढरे केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले, पावलं वाळूत, आणि चेहरा असा की मी तो लहानपणीसुद्धा पाहिला नव्हता.

संध्याकाळ होत आली तशी कृष्णदेवाची गाडी आली. पावसाचं पाहून तो आम्हाला न्यायला आला होता. म्हणाला, "आई, चल, भिजशील."

देवकीने त्याच्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, मग मला विचारलं, "चंदर, उद्या पण पाऊस असंल का?"

मी म्हटलं, "असेल असं वाटतं."

"मग उद्या ऱ्हाऊ," ती म्हणाली, आणि कृष्णदेवाला आत बोलावून त्याच्यासाठी कप धुवायला घेतला.

तुझे,
बाबा